तिसऱ्या पुलाची रात्र

ऑगस्टमधली एक रात्र मला मिळत नव्हती. अकरा ऑगस्टची. बाकी सगळ्या मिळाल्या होत्या. दहाला आम्ही चौघं कुठे झोपणार ते ठरलं होतं, बाराला कुठे झोपणार तेही ठरलं होतं. अकराला मात्र आम्ही बोत्स्वानातल्या मोरेमी अभयारण्याच्या ऐन मध्यावर, सिंहांच्या आणि हत्तींच्या गावात, बेघर होतो. तिथे अंधार पडल्यावर गाडी चालवायला मनाई आहे. त्यामुळे ‘रात्रभर चालवू, पहाटे पोचू’ हा कोकणात जाताना वापरायचा आमचा हमखास तोडगाही बाद.

या सगळ्याला माझा भाचा जबाबदार. तो नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. गेल्या गणपतीत आला होता. तिसऱ्या मोदकावर तूप सोडता सोडता म्हणाला, “मामा, ताडोब्याला सात जणांनी एका जिप्सीत कोंबून घ्यायचं आणि गाईड ‘शूऽऽ’ म्हणाला की शेपटी बघायची, तसं तिकडे नसतं. गाडी भाड्यानं घ्यायची, टपावर तंबू, मागे फ्रीज, आणि आपली आपण चालवत जंगलात जायचं. मुक्कामाच्या जागेला कुंपण नाही, गाईड नाही, कुणी नाही.”

आमच्या साडूंनी त्यातलं ‘आपली आपण चालवत’ एवढंच ऐकलं. साडूंकडे एक दणकट गाडी आहे. तिच्या मागच्या काचेवर ‘फोर बाय फोर’ असं लिहिलेलं आहे. गाडी प्रत्यक्षात टू-व्हील ड्राइव्ह आहे. अक्षरं आधीच्या मालकानं चिकटवलेली. “तिकडे डावीकडूनच चालवतात ना? मग झालं तर!” एवढं बोलून त्यांनी मोहीम मंजूर केली आणि पुढच्या दहा महिन्यांची सगळी कामं माझ्यावर सोपवली. त्यांना वेळ नव्हता. त्यांच्या पुतणीसाठी स्थळं बघणं चालू होतं.

ऑगस्टच का, हा पहिला प्रश्न बायकोनं विचारला. उत्तर ऐकून तिला मी शुद्धीवर नाही असं वाटलं. मोरेमी ज्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे तिला पूर येतो तो बोत्स्वानातल्या कोरड्या ठाक हिवाळ्यात. पाऊस पडतो तिकडे दूर अंगोलाच्या डोंगरांत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. मग ते पाणी सपाट जमिनीवरून रमतगमत खाली यायला काही महिने लावतं आणि जून ते ऑगस्टमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पसरतं. एवढं करून ही नदी समुद्राला मिळतच नाही. कालाहारीच्या वाळूत जिरून जाते. युनेस्कोनं २०१४ साली या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं, तेव्हा ते त्या यादीतलं १००० वं ठिकाण होतं. आणि जिथे पाण्याचं एवढं अप्रूप, त्या देशाच्या चलनाचं नाव ‘पुला’, म्हणजेच पाऊस. मी खर्चाचा तक्ता मांडला तेव्हा त्यात पाऊसच पाऊस झाला होता. पडत होता तो आमच्या खात्यातून.

तर मुक्काम. मला वाटलं होतं, अभयारण्य एक, म्हणजे कार्यालयही एक. तसं नाही. आत राहायच्या जागा वेगवेगळ्या कंपन्यांना चालवायला दिलेल्या. दक्षिण फाटकाजवळची जागा एकाकडे, थर्ड ब्रिज दुसऱ्याकडे, ख्वाईची तिसऱ्याकडे. प्रवेशाचे पैसे आणखी वेगळे, सरकारच्या वन्यजीव खात्याकडे. आणि हातात मुक्कामाचं बुकिंग नसेल तर आत राहायला सोडत नाहीत. प्रत्येक ठिकाणी जागा मोजक्या, आणि अख्खं युरोप वर्षभर आधीपासून त्यांच्यावर टपलेलं. मुलीच्या लग्नात मी हे एकदा भोगलंय. कार्यालय मोकळं तर मुहूर्त नाही, मुहूर्त आहे तर आचारी नाही, आचारी आहे तर गुरुजींना त्याच दिवशी नाशिकला वास्तुशांत. इथे फरक एवढाच की तारीख हुकली तर रुसायला व्याही नाहीत, तरस आहेत.

थर्ड ब्रिज म्हणजे तिसरा पूल. मोपाने नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडांचा, ओंडके शेजारी शेजारी टाकून केलेला. त्याच्या अलीकडे पहिला पूल आहे, दुसरा पूल आहे आणि पलीकडे चौथाही आहे. ही नावं ठेवणारा माणूस आमच्या सोसायटीच्या कमिटीवर असावा. आमच्याकडेही ए, बी, सी आणि डी विंग आहेत. या तिसऱ्या पुलाशेजारची ती एक रात्र नसेल तर आधीच्या तीन आणि नंतरच्या चार रात्री एकमेकींना जोडल्याच जात नाहीत.

मी माउनला, म्हणजे अभयारण्याजवळच्या गावातल्या बुकिंग कार्यालयात, फोन लावला. भाच्यानं शिकवून ठेवलं होतं, आधी नमस्कार, मग काम. बाईला म्हणायचं ‘दुमेला मा’, पुरुषाला ‘दुमेला रा’. मी खणखणीत आवाजात ‘दुमेला मा’ म्हणालो. पलीकडच्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझी, बायकोची, मुलांची आणि ठाण्यातल्या हवामानाची चौकशी केली. अकरा ऑगस्ट भरलेला होता. पण कुणी रद्द केलं तर त्या मला ‘जस्ट नाउ’ कळवणार होत्या. मी फोन हातात धरून बसलो. जेवताना बसलो, रात्री उशाशी घेऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी भाच्याला विचारलं.

तो हसत सुटला. “मामा, त्या अख्ख्या टापूत ‘जस्ट नाउ’ म्हणजे आत्ता नव्हे. ‘जस्ट नाउ’ म्हणजे केव्हातरी. ‘नाउ नाउ’ म्हणजे त्यापेक्षा जरा लवकर.”

“आणि नुसतं ‘नाउ’?”

“ते मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.”

माझी तक्रार नाही. आमचे सुतार आठ महिन्यांपूर्वी ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून गेलेत.

दरम्यान गाडी ठरली. टोयोटाची डबल कॅब हायलक्स, जिला तिकडे ‘बक्की’ म्हणतात. टपावर दोन तंबू, दोन जादा चाकं, हवा भरायचा पंप, वाळूत रुतलो तर चाकाखाली सरकवायच्या पट्ट्या आणि मोठी डिझेलची टाकी. ती अशासाठी, की माउनहून उत्तरेच्या कसाने गावापर्यंत जंगलातून गेलं तर मध्ये डिझेलचा पंप नाही. सोबत भाडेकराराची सव्वीस पानं. मी बँकेत तीस वर्षं काढली, बारीक अक्षर वाचायची मला सवय आहे. तरी घाम फुटला. विम्यात टायर नाहीत, काच नाही, गाडीचा तळ नाही, पाण्यानं झालेलं नुकसान नाही, दुसरी गाडी न धडकता आपली आपण उलटलो तर तेही नाही. अंधार पडल्यावर चालवली तर काहीच नाही. थोडक्यात, गाडी भर दुपारी त्यांच्याच अंगणात उभी असताना तिच्यावर वीज पडली तर भरपाईचा विचार होईल.

शिवाय सूचना. सुकं गवत गाडीच्या पोटाखाली अडकतं, तापलेल्या एक्झॉस्टला लागून पेट घेतं, म्हणून अधूनमधून उतरून खाली वाकून बघा. खोल वाळू लागली की टायरमधली हवा सव्वा-दीड बारपर्यंत उतरवा, डांबरी लागली की परत भरा. पाण्यातून गाडी घालण्याआधी स्वतः चालत जाऊन खोली बघा. मात्र मगरी आणि पाणघोडे असतील तिथे चालत जाऊ नका, दुसरी गाडी कशी जाते ते बघा.

“म्हणजे पहिली गाडी कोणाची?” साडूंनी विचारलं. दहा महिन्यांत त्यांनी विचारलेला हा एकमेव समंजस प्रश्न.

चाक बदलायची रंगीत तालीम आम्ही रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली. तीस वर्षं गाडी चालवतोय, पण स्वतः चाक कधी बदललेलं नाही. जॅक डिकीतल्या चटईखाली सापडला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न आलेला. साडू सूचनांची पुस्तिका वाचत होते, मी खाली बसलो होतो. पहिला नट हलेना. मी पान्यावर उभा राहिलो. मग साडूही उभे राहिले. दोन प्रौढ माणसं एका लोखंडी दांडीवर, एकमेकांचे खांदे धरून. तेवढ्यात वॉचमन आला. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

“साहेब, पंक्चरवाल्याला बोलवू का? कोपऱ्यावरच आहे.”

“तिथे कोपरा नसतो,” मी म्हणालो.

“कुठे?”

“कालाहारीत.”

तो मान हलवून गेला आणि दहा मिनिटांनी पंक्चरवाल्याला घेऊनच आला. त्यानं नट दोन मिनिटांत काढला. आम्ही तो उलट्या बाजूला फिरवत होतो.

खाण्याचं खातं बायकोकडे आणि मेव्हणीकडे. गुरांना लाळ-खुरकुताचा रोग होऊ नये म्हणून बोत्स्वानात जागोजागी आडवी कुंपणं घातलेली आहेत. तिथे गाडी थांबवून कच्चं मांस काढून घेतात आणि बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतात. “आपल्याकडे काय सापडणार, मेतकूट?” बायको विजयी मुद्रेनं म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं, की बिनलेबलाच्या पिशव्यांतून चार किलो पिवळट पावडर घेऊन आपण विमानतळावर उतरणार आहोत. आता घरी एकेका पिशवीवर इंग्रजीत नावं लिहिणं चालू आहे. भाजणीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर दोन्ही बहिणींचा तीन दिवस अबोला होता.

नंतर हत्ती आणि लिंबू. हत्तींना संत्री-लिंबं फार प्रिय. वासानं थेट गाडीपाशी येतात. झिम्बाब्वेतल्या माना पूल्समध्ये तर असली फळं आत न्यायलाच बंदी आहे. आम्ही तिकडे जात नाही, पण हत्ती दोन्हीकडचे सारखेच. बायकोनं भाच्याला विचारलं, लोणचं चालेल का? त्याचं उत्तर आलं, “मामी, मुरलेलं हत्तीला ओळखता येतं का ते नक्की माहीत नाही.” लोणचं आंब्याचं न्यायचं ठरलं.

खरी चर्चा ज्या विषयावर झाली तो विषय कुठल्याच रंगीत पत्रकात नसतो. आमची सगळ्यांची वयं पन्नाशीच्या पुढची. साडूंना साखर. तंबू गाडीच्या टपावर, खाली उतरायला शिडी, भोवती कुंपण नाही. रात्री लागली तर?

नियम सोपा आहे. आधी बॅटरीचा झोत चहूकडे फिरवायचा. चमकणारे डोळे दिसले तर उतरायचं नाही. “आणि त्यांनी त्या वेळी डोळे मिटलेले असले तर?” साडू म्हणाले. वाटेतल्या सावुतीच्या तळावर संडास-न्हाणीघराभोवती किल्ल्यासारखी जाड भिंत घातलेली आहे. हत्ती पाण्याच्या वासानं नळ उपटायचे म्हणून. मला हे वाचून धीर आला होता. बायको म्हणाली, “अहो, भिंत संडासाभोवती आहे. आपण झोपणार बाहेर.”

शेवटी चार रुंद तोंडाच्या बरण्या, झाकणासकट, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून. याहून खोलात जात नाही. लोणच्याची बरणी वेगळ्या रंगाच्या झाकणाची आहे, इतकंच सांगतो.

एकच गोष्ट एका फटक्यात सुटली. काही तळांवर अंघोळीला गरम पाणी ‘डाँकी बॉयलर’चं असतं, असं मी मोठ्यानं वाचत होतो. गाढवाचा काय संबंध यावर तर्क चालले होते. साडूंच्या मते गाढव चाकाला जुंपत असणार. मी चित्र उघडलं. एक पिंप, खाली लाकडं घालायला जागा, वर धूर जायला नळी. पलीकडे वाती वळत बसलेल्या आईनं चष्मा वर करून बघितलं.

“अरे, हा तर बंब!” ती म्हणाली. आणि मग थोड्या काळजीनं, “पेटवता येईल का रे तुम्हाला? चिपाड आधी घालायचं, मग ढलप्या.” ऐंशी वर्षांच्या आईला आफ्रिकेतलं जे कळलं, ते मला सव्वीस पानांत कळलेलं नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला माउनहून ईमेल आला. एका जर्मन जोडप्यानं रद्द केलं होतं. थर्ड ब्रिज, अकरा ऑगस्ट, चार माणसं, एक गाडी. चोवीस तासांत पैसे भरा. ‘जस्ट नाउ’ पाच महिन्यांनी उगवलं होतं. मी हात धुऊन, देवाला दिवा लावून, कार्डाचा नंबर टाकला. पैसे गेले. परत न मिळणारे. बायकोनं साखर वाटली. मी साडूंना फोन लावणार, तेवढ्यात त्यांचाच आला.

“अहो, पेढे तयार ठेवा! पुतणीचं जमलं! मुलगा बेंगळुरूला असतो, सुट्टी ऑगस्टमध्येच आहे. मी म्हटलं, चातुर्मास आहे तर काढीव मुहूर्त धरू. आणि काय सांगू राव, या दिवसांत कार्यालयं ओस पडलेली हो! म्हणाले, बोला कुठली तारीख पाहिजे. मी तिथल्या तिथे अकरा ऑगस्ट सांगून टाकली. कुठे तरी वाचल्यासारखी वाटत होती, म्हटलं शुभच असणार.”