खांदेरीच्या फोटोत लाइटहाऊस आलं तर बिघडलं कुठे?

मागच्या महिन्यात सोसायटीतले आम्ही नऊ जण खांदेरीला, म्हणजे अलिबागजवळ थळसमोरच्या बेटावरच्या किल्ल्यावर, जाऊन आलो, नेरुळहून पहाटे निघून पनवेल-पेण-वडखळ करत थळ आणि तिथून बोट. फोटो ग्रुपवर टाकले तर पहिलीच कमेंट काय, "किल्ला भारी, पण मध्येच ते इंग्रजांचं लाइटहाऊस कशाला, सगळ्या फोटोची वाट लागली." वर चार अंगठे पण आले. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितोय.

अरे पण महाराजांनी १६७९ मध्ये हे बेट का धरलं? मुंबई बंदराच्या तोंडावर आहे म्हणून ना! आत शिरणारं गलबत इथून दिसणारच. इंग्रजांच्या पोटात तेव्हाच गोळा आला होता, जहाजं घेऊन आले पण महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी बेट काही सोडलं नाही. आणि पुढे १८६७ ला त्याच इंग्रजांना दिवा उभारायचा होता तर जागा कुठली सापडली, हीच. आज सरकारी कागदावर बेटाचं नाव कान्होजी आंग्रे द्वीप आहे, हे मला लय आवडतं. म्हणजे किल्ला आणि दिवा दोघांचं काम एकच, समुद्रावर नजर. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आपल्या किल्ल्यांमध्ये खांदेरी आली तेव्हा स्टेटस ठेवणारे हेच लोक.

आणि दिवा म्हणजे नुसता मोठा बल्ब नसतो हो. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२३ मध्ये काचेच्या कड्यांची लेन्स दीपगृहात बसवली, चारी दिशांना वाया जाणारा उजेड गोळा करून एका झोतात सोडणारी. जुन्या मोठ्या लेन्स टनावारी वजनाच्या, त्या पाऱ्यावर तरंगत ठेवायचे म्हणजे हलक्या हाताने फिरतात. दिवसा मात्र पडदे ओढायचे, नाहीतर ऊन त्याच लेन्समधून आत घुसून आग लावेल! शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, सेकंद मोजले की खलाशाला कळतं आपण कुठल्या दिव्यासमोर आहोत. जीपीएस आहे, मान्य. पण जीपीएस बंद पडलं की काय बघणार, आकाशाकडे?

आपल्या न्हावा-शेव्याला येणारे कंटेनर याच तोंडातून आत येतात, तुमचा टीव्ही पण त्यातूनच आला असेल.

असो. कमेंटवाल्याला पुढच्या खेपेला घेऊन जाणार, बेटावरच्या वेतोबाचं दर्शन घ्यायचं, तो ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा दगड वाजवायचा, आणि अंधार पडल्यावर थळच्या किनाऱ्यावर बसून उघडझाप मोजायची. बोटीचे पैसे त्याने भरायचे.