तिची पोरगी हरवल्या, हसत बसंल व्हय ती?

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबणार आहे. 'विचर ३' हा व्हिडिओ गेम ज्यांनी अजून संपवला नसेल त्यांनी इथंच थांबा, पुढं त्याची सगळी गोष्ट फुटणार आहे.

आज दुपारी राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेत एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा हेडफोन काढून ओरडला, "फसवलं की राव गेमनं!" स्क्रीनवर गेममधल्या नोव्हिग्राड शहरातली किंगफिशर खानावळ. गेराल्ट, म्हणजे आपण ज्याच्या रूपात खेळतो तो राक्षस मारणारा विचर, पलंगाला बांधलेला आणि ट्रिस, येनिफर या दोघी जादूगारिणी निघून चाललेल्या. म्हणजे या बहाद्दरानं बंदरावर ट्रिसला 'आय लव्ह यू' म्हटलं, आणि पुढं स्केलिग बेटांवर येनिफरलाही तेच म्हटलं. दोघींनी मिळून त्याचा हिशेब चुकता केला. आता शेवटी गेराल्ट एकटा राहणार. इथंवर ठीक आहे, होतं असं. पण मग तो म्हणाला, "त्या येनिफरला हो म्हणायलाच नको होतं. लय खडूस बाई हाय ती. सदा तोंड वाकडं. ट्रिस बघ कशी गोड बोलत्या." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी खेळत होती. तिनं स्वतःच्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "तिची पोरगी हरवल्या. हसत बसंल व्हय ती?"

पोरगी म्हणजे सिरी, गेराल्ट आणि येनिफरनं पोटच्या मुलीसारखी मानलेली; अख्खा गेम तिच्या शोधाचाच. कुणी उत्तर दिलं नाही. विषय चहा मागवण्यावर गेला. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

खडूस. २०१५ च्या मे महिन्यात हा गेम आला तेव्हापासून ती हाच शब्द खातेय. हुकूम सोडते, टोमणे मारते, गेराल्टला कामाला लावते. अरे, पण कसल्या कामाला? ते बघा की. स्केलिगात राजाच्या तेराव्याला जमलेल्या मेजवानीतून ती गेराल्टला घेऊन वर प्रयोगशाळेत शिरते आणि मुखवटा चोरते, कारण त्या मुखवट्यातून जादूनं उद्ध्वस्त झालेल्या रानात काय घडलं ते दिसणार असतं आणि तिथं सिरी येऊन गेलेली असते. बेटावरचे सगळे ड्रुइड पुजारी तिच्यावर उलटतात, तिला फरक पडत नाही. काएर मॉर्हेन या विचरांच्या किल्ल्यात उमा नावाच्या जिवावरचा शाप उतरवायला विचरांची ती जीवघेणी 'ट्रायल ऑफ द ग्रासेस' परत करायची वेळ येते. ती करावी असं तिथल्या एकाही विचरला मनापासून वाटत नाही, पण ही मागं हटत नाही. सिरीच्या मागावरची वाइल्ड हंट ही फौज किल्ल्यावर चालून येते तेव्हा अख्ख्या वाड्यावर जादूचं कवच कोण धरून ठेवतं? तीच. यातलं एक तरी काम तिनं स्वतःसाठी केलंय का? सिरी तिच्या पोटची नाही आणि तिला स्वतःला मूल होणार नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी 'खडूस' म्हणताना जीभ आवरावी.

आणि हे कोल्हापुरात बोलावं लागतंय याचा जास्त राग येतो. आपल्याकडं माया गोड शब्दांत कधी आली होती? रात्री उशीर झाला की आई "बाळा, काळजी वाटत होती" म्हणते का? "मेलास का रं? फोन का उचलत न्हाईस?" असाच फोन येतो. तालमीत वस्ताद पोराच्या पाठीवर थाप मारतो वर्षातनं एकदा, एरवी शिव्याच. तरी कोण आपलं आहे हे त्या पोराला बरोबर कळतं. तेच पोरगं गेममध्ये येनिफर एक वाक्य तिरकं बोलली की म्हणतं, नको ही बाई. मग ती मुलगी बोलली ते काय चुकीचं बोलली?

आता गेमवाल्यांकडं वळतो, कारण सगळा दोष पोरांवर टाकणं बरोबर नाही.

खरी गोम क्रमात आहे. गेमच्या सुरुवातीला व्हाइट ऑर्चर्ड गावात तुम्ही येनिफरला शोधत फिरता, तिच्या पत्राला लायलॅक आणि गूजबेरीचा वास. शेवटी ती भेटते, घोड्यावरून पळापळी होते, विझिमाच्या राजवाड्यात चार शब्द बोलते आणि गायब. पुढं वेलनचा मुलूख. मग नोव्हिग्राड. स्केलिगच्या क्वेस्टवर, म्हणजे तिथल्या कामगिरीवर, लेव्हल १६ लिहिलेली असते आणि बोटवाला कप्तान हजार क्राउन मागतो. नवा खेळाडू इतके पैसे साठवेपर्यंत कितीतरी आठवडे निघून जातात. तेवढ्या काळात नोव्हिग्राडमध्ये कोण असतं? ट्रिस. गोदामात उंदीर मारायला तिच्यासोबत तुम्हीच स्फटिक ठेवता. जादूगारांना पकडणाऱ्या विच हंटरांच्या तावडीत ती स्वतः जाते, मार खाते, का, तर तुमचं काम व्हावं म्हणून. वेगेलबडांच्या हवेलीत ती कोल्ह्याचा मुखवटा घालते, थोडी जास्त पिते, बागेतल्या झुडपांच्या वाटांतून पळते आणि तुम्ही तिच्या मागं. मग बंदर, जहाज, निरोप. अहो, कुणीही प्रेमात पडेल. येनिफरशी तोवर तुमची ओळख एका घोड्याच्या प्रवासाएवढी.

त्यात जे आधीचे दोन गेम खेळलेत त्यांची अवस्था आणखी वाईट. २००७ च्या पहिल्या गेममध्ये गेराल्टची स्मृती गेलेली. येनिफर त्यात नाहीच. ट्रिस त्याच्या जवळ येते, पण तुझ्या आयुष्यात एक बाई होती हे काही त्याला सांगत नाही. २०११ च्या दुसऱ्या गेममध्येही तीच सोबत. म्हणजे तिसरा गेम हातात येईपर्यंत खेळाडूची आठ वर्षं ट्रिसबरोबर गेलेली असतात, आणि मग अचानक, ही बघा तुमची खरी प्रेयसी, असं सांगितलं जातं. गेम ज्या कथांवर बेतलाय त्या मूळ कथांमध्ये ती ट्रिसच्या आधीपासून आहे. पण गेम खेळणाऱ्या किती जणांनी त्या कथा वाचल्यात?

(ट्रिसवाल्यांनो, तुमची ट्रिस शूर आहे, नोव्हिग्राडच्या जादूगारांना तिनंच वाचवलं. झालं समाधान?)

तरी सगळ्यात जास्त राग मला 'द लास्ट विश'चा येतो. क्वेस्ट वाईट आहे म्हणून नव्हे. अख्ख्या गेममधली सगळ्यात सुंदर क्वेस्ट तीच, म्हणून.

माहीत नसेल त्यांना सांगतो. फार पूर्वी गेराल्टनं एका जिन्नकडं तिसरी इच्छा मागितली आणि त्या इच्छेनं त्याचं आणि येनिफरचं नशीब एकमेकांना बांधलं गेलं. तेव्हापासून दोघांना एकच शंका खातेय, आपलं हे प्रेम आहे की नुसती जादू? हिंडार्सफ्याल बेटावरची 'नेमलेस' क्वेस्ट संपली की लार्विकच्या खानावळीत ती बसलेली असते. तिच्याशी बोललात तर ही क्वेस्ट मिळते. लेव्हल १५ ची आहे, त्यामुळे तिथवर पोचलेल्याला लढाई जड जात नाही. होडी घेऊन समुद्रात जायचं, बुडी मारून फुटलेल्या जहाजात शोधायचं. तिला दुसरा एक जिन्न पकडायचाय, आणि त्याच्याकडून ती जुनी गाठ सोडवून घ्यायचीय. जहाजाचा उरलेला भाग सापडतो तो एका बर्फाळ डोंगराच्या माथ्यावर. गेराल्ट लढतो, ती जिन्नला काबूत आणते, गाठ सुटते.

मग दोघं त्या मोडक्या जहाजाच्या काठावर बसतात. खाली दरी, सगळीकडं बर्फ. एवढ्या हुकूम सोडणाऱ्या बाईचा आवाज तिथं पहिल्यांदा खाली येतो. तिला जाणून घ्यायचंय, जादू गेली, आता तुझ्या मनात काही उरलंय का? ती वाट बघत बसते. डेनिस गॉफ या अभिनेत्रीनं येनिफरला आवाज दिलाय, आणि तिथं तिनं जे काम केलंय ते हेडफोन लावून एकदा ऐका. नकार दिलात तर ती रडत नाही की भांडत नाही, स्वतःला आवरून घेते. ते बघवत नाही. होकार दिलात तर गेममध्ये पहिल्यांदा ती स्वतःसाठी काहीतरी मागते आणि तिला ते मिळतं.

आणि ही क्वेस्ट दुय्यम! लार्विकला तिच्याशी न बोलता तुम्ही पुढं गेलात तर मुख्य कथा बिनबोभाट चालू राहते. जो प्रश्न सगळ्या कथेच्या मुळाशी आहे तो सोडवायचा की नाही हे ऐच्छिक! सिरीच्या बाबतीत तोच गेम किती बारीक हिशेब ठेवतो बघा. म्हातारा विचर व्हेसेमीर गेल्यावर तिच्याशी बर्फाचे गोळे खेळलात की तिला दारू पाजत बसलात, जादूगारिणींच्या सभेत तिला एकटीला जाऊ दिलंत की मागं लागलात, प्रयोगशाळेची मोडतोड करू दिलीत का, तिला मदत केलेल्या श्यालच्या थडग्यापाशी सोबत गेलात का, बादशहाकडून पैसे घेतलेत का. अशा पाचेक ठिकाणांची गोळाबेरीज करून गेम तिचा शेवट ठरवतो. म्हणजे यांना जमत होतं. मग येनिफरच्या वेळी सगळा निकाल डोंगरावरच्या एका उत्तरावर का टाकला? आधी तुम्ही तिच्याशी कसे वागलात, टोमण्याला टोमणा दिलात की समजून घेतलंत, याला काही किंमतच नाही? तो दुपारचा पोरगा तिला कितीतरी तास खडूस म्हणत खेळला, डोंगरावर बटण दाबलं, झालं प्रेम. अशानं त्याला ती कळणार कशी?

'नेमलेस'मध्ये सिरीचा माग काढायला येनिफर श्यालच्या प्रेताला जबरदस्तीनं बोलतं करते आणि त्यापायी फ्रेयाच्या देवळाची हिरवीगार बाग वाळून जाते. ते क्रूरच आहे, मान्य.

पण ते मान्य करतानाच सांगतो, तिथं गेम तिला सोडत नाही. गेराल्ट तिला सुनावू शकतो, पुजारणी तिला सुनावतात. ती खजील होऊन गोड बोलायला लागत नाही, हेच मला आवडतं. खेळाडूला बरं वाटावं म्हणून तिचा स्वभाव कुठंच मऊ केलेला नाही. ट्रिस आणि गेराल्ट काएर मॉर्हेनला एका पलंगावर झोपले होते हे कळल्यावर ती तो पलंगच बुरुजाच्या खिडकीतून खाली फेकते. सगळे हसतात त्या जागी. मला तिथं हसू येत नाही. ज्या माणसासाठी तिनं सगळं सोसलं तो तिला विसरला होता आणि दुसरी कुणी तिच्या जागी राहून गेली होती, हा तो पलंग आहे.

आणखी एक. २००७ च्या गेममध्ये गेराल्ट ज्या बाईबरोबर झोपेल तिचं एक चित्राचं कार्ड मिळायचं. गोळा करायची कार्डं! गेम बनवणाऱ्या त्याच वॉर्सावाच्या कंपनीनं आठ वर्षांनी दोघींना एकाच वेळी फिरवणाऱ्याला पलंगाला बांधून ठेवलं. मला वाटतं ती चूक त्यांनी स्वतःच दुरुस्त केली, आणि चांगली केली. दुपारी "फसवलं" म्हणणारा पोरगा अजून कार्डंच गोळा करत होता. त्याला गेमनं कुठं फसवलं? दोन बायकांना एकच वाक्य त्यानं सांगितलं.

बरं, आता राग जरा उतरलाय, म्हणून कामाचं लिहितो. त्या पोरानं वाचलं तर बरंच.

नोव्हिग्राडला ट्रिसची 'नाऊ ऑर नेव्हर' क्वेस्ट सुरू करायच्या आधी हातानं एक सेव्ह करून ठेव, नुसत्या ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नको. बंदरावर ट्रिसला थांबवायचं असेल तर स्पष्ट 'आय लव्ह यू'च म्हणावं लागतं. परत प्रयत्न करून बघू, असलं अर्धवट बोललास तर ती जहाजात बसून जाते, आणि तेच बरोबर आहे. येनिफर हवी असेल तर तिथं ट्रिसला जाऊ दे, शुभेच्छा दे, मन मोठं कर. 'आयल ऑफ मिस्ट्स' या मुख्य क्वेस्टला हात लावायच्या आधी 'नाऊ ऑर नेव्हर' आणि 'द लास्ट विश' दोन्ही उरकून घे, नंतर त्या करता येत नाहीत. स्केलिगात 'नेमलेस' झाल्यावर लगेच पुढच्या क्वेस्टकडं पळू नको, लार्विकच्या खानावळीत जा. तिथं दुसरी सेव्ह कर. आणि तिचे संवाद स्पेसबार दाबून पुढं ढकलू नको. टोमण्यानंतर ती जरा थांबते, तेवढं ऐक. 'ब्लड अँड वाइन' हा गेमचा जोडभाग असेल तर शेवटी कॉर्व्हो बिआंकोच्या द्राक्षमळ्यात ती येते. तिथं ती आरामात पुस्तक वाचत बसते, कुणाला शोधायचं राहिलेलं नसतं, आणि आवाज बघ कसा असतो तिचा.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. साडेपाचच्या सुमारास हेल्मेट उचलून ती निघून गेली, तोवर तो पोरगा व्हाइट ऑर्चर्डला नवा गेम सुरू करून बसला होता. कुणाच्या ओळखीची असेल तर तिला सांगा, त्यानं पत्र उघडलंय आणि या वेळी सगळं वाचतोय.