ईएमआय देव भरत नाही, कबूल! (‘सत्यशोधक दादरकर’ यांना उत्तर)

नमस्कार.

रोजच्या धबडग्यात देवावर भरवसा कसा ठेवायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. काल रात्रीच उत्तर लिहिणार होते, पण म्हटलं राग निवळू दे. निवळला नाही, तरी लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. “ताई, ईएमआय देव भरत नाही. भरवसा-बिरवसा हा आळसाला दिलेला मुलामा. तुमच्यासारख्यांना काय, बसल्या जागी ख्रिस्ती मिशनचा पैसा मिळतो. मराठी माणसाला हे परदेशी खूळ कशाला? आणि लेख केवढा लांब!” शेवटी एक प्रश्न: “तेवढ्याच कळकळीनं प्रार्थना करूनही ज्यांचं माणूस गेलं, त्यांचं काय?”

आधी ‘ताई’चं बघू. एका वाक्यात ताई म्हणायचं आणि पुढे लगेच ‘तुमच्यासारख्यांना’, ही कुठली रीत? मुद्दा आहे तर सरळ मांडा की. ‘भरवसा-बिरवसा’ लिहिल्यानं त्याला वजन येत नाही. लेख लांबला, हे मात्र मान्य. दोन परिच्छेद सहज गाळता आले असते.

आता तो मिशनचा पैसा. माझे वडील भायखळ्याला गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत तेही. वाण्याची उधारी, खोलीचं भाडं, आमच्या वह्या-पुस्तकं, हप्ते आमच्याही दारात उभेच होते. आईनं साड्यांना फॉल-बिडिंग करायचं काम घेतलं. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ती गुडघे टेकून प्रार्थना करायची. पाणी भरून झालं की सुई हातात, ती रात्री डोळे मिटेपर्यंत. तिच्या बायबलात स्तोत्रसंहितेच्या पानांत रेशनकार्ड असायचं आणि त्यामागे मंगळसूत्र गहाण टाकल्याची पावती, घडीवर तेलाचा डाग पडलेली. प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांसमोर यावी म्हणून मुद्दाम तिथे ठेवलेली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटीला यायचे, आमच्याबरोबर बिनदुधाचा चहा प्यायचे, प्रार्थना करून जायचे. मिशनचा पैसा आमच्या चाळीचा जिना चढून आलेला मी तरी पाहिला नाही.

याला तुम्ही आळस म्हणता? त्या बाईनं करण्यासारखं होतं ते सगळं केलं. संप मिटेल का, नवऱ्याला पुन्हा काम लागेल का, हे तिच्या हातात नव्हतं, ते देवावर टाकलं आणि झोपली. अख्खी चाळ रात्र रात्र जागी असायची तेव्हा आमच्या खोलीत झोप होती. मी भरवसा म्हणते तो हा. संप रीतसर मिटला असा कधी नाहीच. वडील पुढे एका इमारतीवर रखवालदार म्हणून लागले. मंगळसूत्र सुटलं की नाही ते सांगत नाही. सांगितलं तर त्याचाही ‘चमत्कार’ करून टिंगल कराल.

आणि वाचून टीका करायची असेल तर बायबलच्या नव्या करारात बघा. ख्रिस्ताचा प्रेषित पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले, तेव्हा ज्याला काम नको त्यानं जेवूही नये, असं त्यानं स्पष्ट कळवलं. ‘प्रार्थनेनं डायबेटिस गेला, गोळ्या बंद करा’ म्हणणारे उपदेशक आमच्यात आहेत, नाही म्हणत नाही. त्यांच्यावर लिहा, मी खाली सही करते. पण त्यांच्या मापानं माझ्या आईला मोजू नका.

परदेशी खुळाबद्दल वेळ घालवत नाही. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण 1616 चं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतःच सांगत, आणि त्यांची पदं आम्ही उपासनेत अजून गातो. बाकी ‘सत्यशोधक’ हे नाव तुम्ही ज्यांच्याकडून उचललंत त्या जोतीरावांचं शिक्षणही पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालं, एवढं तरी ठाऊक असू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, माणूस गेलेल्यांचा. तो असा खवचट प्रतिक्रियेच्या शेपटाला बांधून विचारायचा नसतो. त्यावर इथे लिहिणार नाही. वाटेल तेव्हा स्वतंत्र लिहीन.

तुम्ही दादरचे, फास्ट लोकलला भायखळा पुढचंच स्टेशन. रविवारी सकाळी आमची मराठी उपासना असते. टोपणनाव घरी ठेवून या, भांडायचंच असेल तर समोरासमोर भांडू.