‘इतर कलाकारांची साथ चांगली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण आवरलं. दोन दिवस गेले तरी राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या हिंदी सिनेमात डॉक्टर, वकील, इन्स्पेक्टर, मुनीम, मामा अशी कामं आयुष्यभर करत राहिलेल्या चौदा नटनट्यांविषयी तो होता. त्यावर तुम्ही लिहिलंत की लेख उमाळ्यानं ओथंबला आहे, त्यात एक ढळढळीत चूक आहे, चौदांत बायका दोनच आहेत, खरा प्रश्न नावाचा नसून मानधनाचा आहे आणि इंटरनेटवर सगळी नावं सापडत असताना हा गळा कशाला काढायचा. मध्येच एक वाक्य : ‘ज्यांची नावं लक्षात राहत नाहीत, त्यांच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नसेलही.’ आणि शेवटी : ‘जुन्या सिनेमाचं तेरावं घालणं आता पुरे करा.’

चुकीचं आधी. भोजपुरीतला पहिला चित्रपट ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’ (१९६३) नाझिर हुसेन यांनी दिग्दर्शित केला, असं मी लिहिलं होतं. त्यांनी तो लिहिला आणि त्यात काम केलं, दिग्दर्शन कुंदन कुमार यांचं. तुमचं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल तुमचे आभार. पण त्याला जोडून ‘एवढंही माहीत नसेल तर माणसानं लिहू नये’ हे लिहायची काय गरज होती? चूक दाखवणं वेगळं आणि चूक सापडली म्हणून समोरच्याला दारातून हाकलणं वेगळं. तुम्ही दुसरं केलंत, आणि तेही स्वतःचं नाव न लिहिता.

‘तेरावं’ या शब्दाबद्दल तर काय बोलावं. माझ्या लेखात ज्यांची नावं आहेत, त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. त्यांची मुलंनातवंडं आहेत, त्यांतलं कुणी हे वाचतही असेल. मतभेद हवे तेवढे मांडा. पण गेलेल्या माणसांवर लिहिलेल्या मजकुराखाली कोणते शब्द वापरायचे, याचा पोच तुमच्या वयाच्या माणसाला असायला हवा. (वय तुम्हीच सांगितलं आहे. ‘साठ वर्षं सिनेमे बघतोय’ असं.)

आता ते वाक्य. ‘लक्षात ठेवण्यासारखं काही नसेलही.’

साठ वर्षं सिनेमे बघता ना? मग ‘दीवार’ (१९७५) पाहिलाच असेल. त्यातला अमिताभ आठवतो, शशी कपूर आठवतो, निरुपा रॉय आठवतात. ठीक. पण गोष्ट वळते कुणापाशी? मालकाच्या कागदावर सही करणारा बाप, ज्याच्यामुळे पोराच्या हातावर ‘मेरा बाप चोर है’ हे वाक्य गोंदलं जातं, तो सत्येन कप्पू. बूट पॉलिश करणाऱ्या पोरात काहीतरी वेगळं आहे हे हेरणारा डावर म्हणजे इफ्तेखार. गोदीतला रहीमचाचा म्हणजे युनूस परवेझ. आणि भावाविरुद्धची केस घ्यायची की नाही या पेचात असलेला इन्स्पेक्टर रवी (शशी कपूर) ज्या घरात जातो, ज्या घरातल्या पोराला त्यानंच पाव चोरताना गोळी घातलेली असते, त्या घरातले निवृत्त मास्तर ए. के. हंगल आणि त्यांची बायको दुलारी. ती बाई रवीवर तुटून पडते, मास्तर तिला आवरतात आणि चोरी ती चोरीच म्हणतात. त्या घरातून बाहेर पडल्यावर रवीचा निर्णय होतो. तो प्रसंग काढून टाका, उत्तरार्ध उभाच राहत नाही. हंगल यांचं नाव निदान पुष्कळांना माहीत आहे. दुलारी हे नाव किती जणांना माहीत आहे? आणि तिचा आक्रोश किती जण विसरले आहेत?

मेहबूब खान यांनी १९४० मध्ये ‘औरत’ काढला. सतरा वर्षांनी त्याच कथेवर ‘मदर इंडिया’ काढला तेव्हा नायिका बदलली, मुलं बदलली, काळ्यापांढऱ्याचं रंगीत झालं. सुखीलाला सावकार मात्र दोन्हीकडे कन्हैयालालच. लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं म्हणून का हो मेहबूब खान त्यांना सतरा वर्षं विसरले नाहीत?

‘शोले’तल्या सांभाचा चेहरा लक्षात आहे, आवाज लक्षात आहे, ‘पूरे पचास हजार’ हे तीन शब्द देशभर लक्षात आहेत. लक्षात राहिलेलं नाही ते फक्त मॅक मोहन हे नाव. त्याची कारणं आहेत आणि ती नटाच्या कुवतीत नाहीत. त्या काळी श्रेयनामावली सुरुवातीला यायची. नायक-नायिकेला स्वतंत्र पाटी, आणि या मंडळींची दहा-पंधरा नावं एकाच पाटीवर, दाटीवाटीनं, दोन-तीन सेकंद. लोक तेव्हा अंधारात आपली खुर्ची शोधत असायचे. नाव येऊन जायचं तेव्हा चेहरा दिसलेला नसायचा, चेहरा दिसायचा तोवर नाव गेलेलं असायचं. पडद्यावरही त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. ‘इन्स्पेक्टरसाहेब’, ‘डॉक्टरसाब’, ‘वकीलसाब’. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केला, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. वर्दीतला तो माणूस दारात उभा राहिला की तो कोण, कशाला आला, हे सांगायला दिग्दर्शकाला एक ओळही खर्चावी लागत नसे. ते सगळं त्या चेहऱ्यानं सांगितलेलं असे. तुम्ही याला ‘तेच ते काम’ म्हणता. १४४ वेळा निवड होते ती विश्वासामुळे.

आणि ‘तुम्हाला एवढा उमाळा का’ असं विचारलंत, म्हणून सांगतो.

माझे वडील एका कचेरीत कारकून होते आणि हौशी नाटकांत कामं करत. बहुतेक वेळा नोकर, हवालदार, पोस्टमन. एका वर्षी राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकात ते चहाचा ट्रे घेऊन येत आणि मालकाच्या मुलाला अपघात झाल्याची बातमी सांगत. पाच वाक्यं होती. त्या पाच वाक्यांसाठी ते महिनाभर रोज रात्री भरलेले कप ट्रेमध्ये ठेवून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चालत. बातमी सांगण्याच्या क्षणापर्यंत कप वाजता कामा नयेत, आणि त्या क्षणी एकदाच वाजले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. आईच्या दोन बशा त्यात गेल्या. प्रयोगाच्या दिवशी तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला, मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. नायकावर दोन परिच्छेद, नेपथ्यावर एक, आणि अखेरीस : ‘इतर कलाकारांची साथ चांगली.’

ते कात्रण वडील गेल्यावर पोस्टाच्या पासबुकात सापडलं. ‘इतर’ या शब्दाखाली निळ्या शाईनं रेघ मारलेली होती.

तेव्हा नाव लक्षात न राहण्याविषयी मला शिकवू नका. ‘लक्षात ठेवण्यासारखं काही नसेलही’ हे वाक्य मी माझ्या घरात बसून वाचलं आहे, जिथे तो ट्रे अजून आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. बायका दोनच का? लेख चौदा जणांचा होता, शंभरांचा नव्हता. दुलारी, लीला मिश्रा, मनोरमा यांच्यावर लिहायचं तेव्हा लिहीन. मानधनाचा विषय वेगळा आहे, तो या लेखाचा नव्हता. इंटरनेटवर नावं सापडतात, हो, सापडतात. पण शोधायला आधी शोधावंसं वाटावं लागतं, आणि ते वाटावं म्हणूनच मी लिहिलं होतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. माझी चूक जिथे होती तिथे दुरुस्त करून खाली तारीख टाकली आहे. तुम्ही तुमचा ‘तेरावं’ हा शब्द मागे घ्या. तो घेतलात तर मानधनाच्या मुद्द्यावर सविस्तर बोलायला मी तयार आहे. नाही घेतलात तर आपलं बोलणं इथेच थांबलं.