दोननंतर वीस, वीसनंतर तीन

ज्या महाभागाने ‘त्सुरिबाका निश्शी’ या जपानी विनोदी सिनेमा-मालिकेची यादी लावली आहे, त्याला कुणीतरी धरून बालवाडीत नेऊन बसवा. १, मग १०, ११, १२ असं करत १९, मग २, मग २०, मग ३. च्यायला, दोननंतर वीस? स्ट्रीमिंगवाल्यांचं नाव घेत नाही, गरजही नाही. बावीसच्या बावीस सिनेमे आले म्हणून परवा ज्यांनी ज्यांनी हावरटासारखी ती यादी उघडली, त्या सगळ्यांची डोकी सध्या उकळतच असणार.

बरं, हे झालं पुढचं. सुरुवात याहून अफाट. पहिल्या चौकटीवर टिचकी मारली की समोर डोक्यावर बुचडा बांधलेली, जुन्या जमान्यातली माणसं! बांधकाम कंपनीतल्या कामचुकार कारकुनाची गोष्ट बघायला बसलेला माणूस थेट एदो काळात. का? तर १९९८ च्या अखेरीस आलेल्या त्या सिनेमाचं नाव ‘हाना नो ओएदो नो त्सुरिबाका निश्शी’. रोमन लिपीत एच आधी, टी नंतर. झालं, बसवला पहिल्या नंबरावर. अरे, पण तो दहाव्या भागानंतरचा आहे! दहा वर्षं तोशियुकी निशिदाचा कारकून हामा-चान आणि रेंतारो मिकुनींचा मालक सू-सान लोकांच्या ओळखीचे झाले होते, म्हणून तीच जोडी जुन्या वेशात आली की नुसतं बघून हसू फुटतं. हेच आधी दाखवलंत तर नवा माणूस समजणार, ही सामुराईंच्या मासेमारीची मालिका आहे, आणि पाचव्या मिनिटाला बंद करून जाणार. गेलेही असतील.

आकड्यांचा घोळ का होतो, यात काही गूढ नाही. यंत्र ‘१०’ला दहा समजत नाही, अक्षरं समजतं. पहिलं अक्षर १, ते २ च्या आधी. पुढचं बघायची गरजच नाही. उपाय दोन आणि दोन्ही फुकट. एकेरी आकड्याआधी शून्य लावा, ०१, ०२, ०३. किंवा नाव सोडा आणि प्रदर्शनाच्या तारखेच्या रकान्यावर यादी लावा. दुसरा उपाय बरा, कारण १९९४ च्या ‘स्पेशल’ला नंबरच नाही. त्याचा दिग्दर्शकही वेगळा, आझुमा मोरिसाकी, आणि त्याची जागा ६ आणि ७ च्या मधे. यांनी तो ठेवलाय सगळ्यात शेवटी, ९ च्या खाली. हे दोन बिननंबरी धरले की ‘२० फायनल’ खरं तर बाविसावा, २००९ चा निरोपाचा सिनेमा. तो हे लोक तिसऱ्या भागाच्या आधी दाखवतायत!

याने काय होतं बघा. हामा-चानची बायको मिचिको ७ पर्यंत म्हणजे एरी इशिदा, ८ पासून मियोको असादा. या यादीने चाललात तर हामा-चानची बायको एका भागात इशिदा, पुढचे दहा भाग असादा, मग इशिदा, मग असादा, मग पाच भाग पुन्हा इशिदा, दोन भाग असादा आणि ‘स्पेशल’मधे परत इशिदा. हा काय संसार आहे? त्यांचं कोइतारो नावाचं पोरगं आधी घरात हिंडतं, मग नाहीसं होतं आणि चौथ्या भागात एकदाचं जन्माला येतं. सू-सान अठराव्यात चेअरमन होतो आणि दुसऱ्यात परत प्रेसिडेंटच्या खुर्चीत. अहो, ऑफिसच्या गोष्टीत कोण कुणाच्या वर बसलाय आणि कधीपासून, हाच तर गाभा! ताकामात्सुहून टोकियोला बदली होऊन आलेल्या हामा-चानला पहिल्या भागात पत्ताच नसतो, की ज्या म्हाताऱ्याला आपण गळ टाकायला शिकवतोय तो आपल्याच सुझुकी कन्स्ट्रक्शनचा सर्वेसर्वा आहे. कंपनीत तो मालक, होडीत हा गुरू. हे गुपित कळल्यावर दोघं कसे निभावतात, ते २ पासून पुढे आहे. ते सगळं सोडून १९८८ वरून थेट १९९८ वर उडी.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ॲप काढून पुन्हा टाका, कॅशे साफ करा. एरी इशिदा कुणाच्या फोनच्या कॅशेत अडकलेली नाही हो!

मधेच हसू पण येतं. ज्याने सांगितलेलं काम कधी वेळेवर केलं नाही, ज्याच्यापायी केई तानीचा बिचारा सासाकी साहेब जन्मभर हैराण झाला, त्या माणसाच्या सिनेमांचा क्रम चुकला म्हणून आपण वर्ष, दिग्दर्शक, मिचिको कोण असे रकाने पाडून तक्ते करत बसलोय. हामा-चानने तो तक्ता वाचलाही नसता. त्यात आमिषाची गांडुळं गुंडाळून सकाळच्या होडीला गेला असता.

पण तोंड सुटलंच आहे तर जुनंही निघणार. सबटायटल. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेल्या ओळी २३.९७६ च्या प्रतीवर चिकटवल्या की त्या दर मिनिटाला अडीच सेकंद पुढे पळतात. दीड तासाच्या शेवटी पावणेचार मिनिटांचा फरक. चित्रात दोघं होडीत खिदळतायत आणि खाली ऑफिसातली मीटिंग सुरू झालेली. ‘दोन सेकंद मागे सरकवून बघा’ म्हणणाऱ्या शहाण्यांनो, सरकवून भागत नाही, ताणावं लागतं: प्रत्येक वेळेला १.०४२७ ने गुणा. आणि नोटीस बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, बदलीचा कागद यांना सबटायटलच नाही. बदलीचा कागद म्हणजे अर्धी कथा! पुण्यात जपानीच्या एन-३, एन-२ परीक्षांना बसणारी पोरं कांजी, म्हणजे ती चित्राक्षरं, वाचून घेतील, बाकीच्यांनी काय करायचं?

‘शोमुनी’ आठवते? हिरोयुकी यासुदाच्या मांगावरची (म्हणजे जपानी चित्रकथेवरची), १९९८ ची फुजी टीव्हीची मालिका. तिचं ४:३ चं चित्र १६:९ मधे कोंबायला वरून-खालून मिळून बरोबर पाव उंची छाटली. ज्या मालिकेत बायका शिडी खांद्यावर टाकून ऑफिसभर दिवे बदलत हिंडतात, तिथे दिवाच चौकटीबाहेर! माकिको एसुमी हात वर करते आणि पुढचं देव जाणे.

‘शिमा कोसाकू’ या ऑफिसातल्या साहेबाच्या मांगाचं तर बोलूच नका. हामा-चानला मूळ मांगात १९७९ पासून बढती नाही, शिमाची १९८३ पासून थांबत नाही, आणि केन्शी हिरोकानेंनी प्रत्येक बढतीला नवं नाव देऊन पुन्हा खंड १ पासून मोजायला घेतलं. ई-पुस्तकवाल्यांनी ते लावले एबीसीडीने. बुचो (विभागप्रमुख), जोमु (संचालक), मग काचो (सेक्शनचा साहेब) आणि काचोच्या १७ खंडांनंतर थेट काइचो (चेअरमन). सेक्शनचा साहेब रात्री झोपला आणि सकाळी चेअरमन होऊन उठला.

आणि ‘त्सुरिबाका निश्शी’चीच २०१५ ची टीव्ही टोकियोवरची मालिका. तिथे हामा-चान आहे गाकु हामादा, कंपनीत नुकता चिकटलेला. आणि सू-सान कोण? निशिदा! एकवीस वर्षं मालकाला गळ शिकवणारा माणूस आता स्वतः म्हातारा मालक होऊन शिकायला बसतो. मिकुनी १९८८ मधे पासष्ट वर्षांचे होते, निशिदा इथे सदुसष्ट. हे ज्याने बावीस सिनेमे बघितलेत त्याच्यासाठीच राखून ठेवायचं ताट आहे. यांनी त्यावर ठसठशीत शिक्का मारलाय: ‘पूर्वकथा, इथून सुरुवात करा’. आणि वर चित्र लावलंय याच गोष्टीच्या २००२ च्या ॲनिमेचं, म्हणजे कार्टून मालिकेचं.