दुकान विकलं म्हणून हेल्मेट बाद होत नाही

रायडिंग गिअरचं दुकान एखाद्या मोठ्या कंपनीने विकत घेतलं की जुन्या ग्राहकाचं सगळं बुडतं, असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या मराठवाड्यातल्या बाईकवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: मालक बदलला की जुन्या हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का बाद होतो आणि पोलिस दंड करतात, जॅकेट-ग्लोव्हजची वॉरंटी आपोआप रद्द होते, क्रेडिट नोट (माल परत केल्यावर पैशाऐवजी मिळणारी चिठ्ठी) आणि गिफ्ट कार्डला किंमत उरत नाही, भाव दुप्पट होतात, परदेशात विकली गेलेली अशी सगळी दुकानं बंद पडली. आणि शेवटी सल्ला: ‘एवढे पैसे घालण्यापेक्षा रस्त्यावरचं हेल्मेट घ्या. शिक्का तोच, माल तोच.’

हा मेसेज परभणीच्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने पुण्यातल्या ज्या दुकानातून हेल्मेट घेतलं, ते दुकान नंतर एका कंपनीने घेतलं होतं. मेसेज खरा मानायला त्याला तेवढं पुरलं. चांगलं फुल फेस हेल्मेट कपाटावर गेलं आणि रस्त्याकडेला टांगलेल्या ढिगातलं एक टोपीसारखं हेल्मेट डोक्यावर आलं. पोरगं रोज जिंतूर रोडने कामाला जातं. बहीण फोनवर विचारते, ‘दादा, हा म्हणतो ते खरं हाय का?’ नाही, खरं नाही. आणि जे थोडंफार खरं आहे, ते या मेसेजात आलेलंच नाही.

आधी शिक्क्याचं बघू, कारण जीव त्याच मुद्द्यात अडकलाय.

आयएसआय शिक्का मारण्याचा परवाना दुकानाला मिळतच नाही. भारतीय मानक ब्युरो तो हेल्मेट बनवणाऱ्याला देतो, तोही ठरावीक पत्त्यावरच्या कारखान्यासाठी. दुकानदार फक्त माल ठेवतो आणि विकतो. त्याने उद्या दुकान कंपनीला विकलं किंवा शटर ओढून गावी शेती धरली, तरी तुमच्या हेल्मेटवरच्या शिक्क्याशी त्याचा संबंध नाही. दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक आयएस 4151. केंद्र सरकारने 26 नोव्हेंबर 2020 रोजी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि 1 जून 2021 पासून या मानकाच्या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला, आणायला, विकायला बंदी आली. आदेश हेल्मेटबद्दल आहे, दुकानाच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे याबद्दल नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 सुद्धा एवढंच म्हणतं की डोक्यावर मानकाप्रमाणे असलेलं हेल्मेट हवं आणि त्याचा पट्टा नीट बांधलेला हवा. ‘दुकान कुणाचं’ हा प्रश्न त्यात कुठंच नाही. मग पोलिस दंड करतात ही गोष्ट आली कुठून? ज्याने लिहिलं त्याने कायदा उघडूनही पाहिलेला नाही.

बरं, दुकान सोडा, हेल्मेट बनवणारी कंपनीच विकली गेली तर? तेही होतं. इटलीच्या एजीव्ही हेल्मेटची मालकी 2007 मध्ये डायनेसे या रायडिंग गिअरच्या कंपनीकडे गेली आणि डायनेसे कंपनी स्वतः 2022 मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने घेतली. आधी विकलेली हेल्मेटं त्या दिवसापासून निकामी झाली नाहीत. ज्या दिवशी ते हेल्मेट कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवशी ते मानकाला उतरलं होतं का, एवढंच विचारायचं असतं.

इथे एक कबूल करतो. बाहेरून आलेली, फक्त युरोपच्या मानकाचं ईसीई स्टिकर असलेली हेल्मेटं काही दुकानं विकत आली आहेत. तसं हेल्मेट तुमच्याकडे असेल तर आपल्या कायद्याप्रमाणे अडचण आहे. पण ती खरेदीच्या दिवसापासूनच होती. दुकान विकल्याने ती आली नाही आणि न विकल्याने टळली नसती.

आता ‘माल तोच’ याबद्दल. हे वाक्य वाचून मला खरोखर संताप आला. हेल्मेटमध्ये डोकं वाचवतो तो आतला घट्ट थर, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो. डोकं आपटलं की तो थर चेपतो, धक्का स्वतःवर घेतो आणि कवटीपर्यंत कमी पोचू देतो. म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडला किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावी रस्त्याकडेला टांगलेली स्वस्त हेल्मेटं हातात घेऊन बघा. अनेकांत हा थर नसतोच. पातळ प्लास्टिकच्या आत स्पंज आणि वर कापड. अंगठ्याने दाबलं की बोट थेट कवचाला लागतं. हनुवटीचा पट्टा बारीक रिव्हेटवर लटकलेला, झटक्यासरशी सुटणारा. आयएस 4151 मध्ये आघात किती शोषला जातो, पट्टा ताण सहन करतो का, बाजूचं नीट दिसतं का, हे तपासलं जातं. यातलं काहीही या टोप्यांवर झालेलं नसतं. शिक्का मात्र असतो, कारण स्टिकर छापायला काही लागत नाही.

खऱ्या शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशाचा आणि चालू आहे का ते समोर येतं. भाच्याला मी हेच करायला लावलं. कपाटावरच्या हेल्मेटचा क्रमांक नीट निघाला. रस्त्यावरच्या हेल्मेटवर क्रमांकच नव्हता, नुसती आयएसआय ही अक्षरं होती.

वॉरंटीचा मुद्दा. जॅकेट, बूट, ग्लोव्हज यांची वॉरंटी बहुतेक वेळा बनवणारी कंपनी देते. दुकानाचं बिल हा फक्त खरेदीचा पुरावा. दुकान कुणाकडेही जावो, बनवणारा तिथेच आहे. दुकानाने स्वतःच्या नावाने माल विकला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 उपयोगी पडतो. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचं नाव लावणाऱ्यालाही हा कायदा उत्पादकच मानतो.

आणि दुकान ‘विकलं’ म्हणजे नेमकं काय झालं, हे या मेसेजवाल्याला माहीतच नाही. बऱ्याचदा कंपनीचे शेअर विकले जातात. मालक बदलतात, कंपनी तीच राहते आणि तिने दिलेले शब्दही तिच्याच गळ्यात राहतात. काही वेळा मात्र नुसता धंदा, माल आणि नाव विकलं जातं आणि जुनी कंपनी मागे उरते. तेव्हा जुनी देणी कुणाकडे, हे त्यांच्या करारावर ठरतं. ग्राहकाला हे घरबसल्या ओळखता येतं. जुन्या आणि नव्या बिलावरचा जीएसटी क्रमांक शेजारी ठेवा. पंधरा अक्षरं असतात. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची 27. त्यापुढची दहा म्हणजे विक्रेत्याचा पॅन. ती दहा अक्षरं तीच असतील तर कायद्याच्या नजरेत विक्रेता तोच, पाटी कितीही चकचकीत झालेली असो. वेगळी असतील तर तक्रारीचं पत्र जुन्या आणि नव्या दोघांनाही पाठवा. जुनं दुकान एकट्या मालकाच्या नावावर असेल, तर दुकान विकून त्याची स्वतःची जबाबदारी सुटत नाही.

यापुढचं आपल्या भागातल्या लोकांनी नीट वाचावं. हिंगोलीचा माणूस पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या दुकानावर कुठं केस करत फिरणार, असं समजून आपण सोडून देतो. 2019 च्या कायद्यातल्या कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे हिंगोलीचा ग्राहक हिंगोलीत, बीडचा बीडमध्ये. मालाला दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. तक्रार सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरूनही टाकता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. ऑनलाइन दुकान असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात निकाल लावायला हवा. इतकं सगळं हाताशी असताना ‘ग्राहक बुडाला’ असं लिहून लोकांना घरी बसवणं हे नुकसानच आहे.

भाव दुप्पट होण्याबद्दल फार लिहीत नाही. सवलती कमी होतात, हे खरं. पण तेच हेल्मेट आणखी चार ठिकाणी मिळत असताना कुणी दुप्पट भाव लावला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार नाही.

परदेशातल्या उदाहरणांत तर सरळ खोटं आहे. जर्मनीतलं लुईस हे मोटारसायकल गिअरचं मोठं दुकानजाळं 2015 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने सुमारे 40 कोटी युरोंना घेतलं, आणि ते त्याच नावाने चालू राहिलं. अमेरिकेत 2007 साली सुरू झालेलं रेव्हझिला हे ऑनलाइन गिअर दुकान 2016 मध्ये सायकल गिअर या साखळीबरोबर एका छत्राखाली आलं, त्या मूळ कंपनीचं नाव कोमोटो. दोन्ही नावं पुढेही टिकली. बुडालेली उदाहरणंही आहेत, ती लपवत नाही. मोटरस्पोर्ट आफ्टरमार्केट ग्रुप या अमेरिकन समूहाने नोव्हेंबर 2017 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकानं विकत घेताना डोक्यावर कर्ज चढलं की असं होऊ शकतं. पण म्हणून ‘सगळी बंद पडली’?

राहिली क्रेडिट नोट आणि गिफ्ट कार्डं. इथे मेसेजात अर्धं सत्य आहे आणि मला ते मान्य करावं लागतं. एकाच दुकानात चालणारं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेत येत नाही. म्हणजे त्या पैशामागे दुकानाच्या शब्दाशिवाय काही नाही. शेअर विकले गेले असतील तर शब्द कायम राहतो. नुसता धंदा विकला असेल तर नवा माणूस हात वर करू शकतो आणि तुम्हाला जुन्याच्या मागे लागावं लागतं. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तर मुदतीत लेखी दावा टाकावाच लागतो. जे दावे कंपनी सावरण्यासाठी मंजूर झालेल्या योजनेत आले नाहीत ते संपले, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केलंय.

ग्राहकाचं खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि मेसेजात त्याचा उल्लेखही नाही. जुना दुकानदार डोक्याचा आकार बघून सांगायचा की लांबट डोक्याला हे मॉडेल कपाळावर दुखेल, एक नंबर लहान घे, गालाचे पॅड महिन्यात बसतील. कंपनी आली की असा माणूस बऱ्याचदा निघून जातो आणि काउंटरवर महिन्याचं टार्गेट असलेला पोरगा उभा राहतो. ढिलं हेल्मेट विकलं जातं, आणि ढिलं हेल्मेट पडताना निसटतं. कमी खपणाऱ्या ब्रँडचे व्हायझर (हेल्मेटची पुढची काच), पॅड, बकल मागवणं थांबतं. मग पाचशे-सातशेच्या सुट्या भागासाठी चांगलं हेल्मेट अडून बसतं. पुण्यातल्या माणसाला दुसरं दुकान तरी आहे. परभणी-हिंगोलीच्या माणसाला फोनवर माप सांगून कुरिअरने मागवावं लागतं, म्हणून बदलून घेण्याची अट बदलली की पहिला फटका त्यालाच. सात दिवसांत माल परत पोचला पाहिजे असा नवा नियम आला, तर गावाकडच्या कुरिअरमध्येच निम्मे दिवस जातात.

तेव्हा ज्यांचं दुकान विकलं गेल्याचं कानावर आलंय त्यांनी जुन्या बिलाचा आणि दुकानाच्या साइटवरच्या जुन्या अटींचा फोटो आजच काढून ठेवावा. हेल्मेटचा जादा व्हायझर शिल्लक असेपर्यंत घ्यावा. क्रेडिट नोट किंवा गिफ्ट कार्ड असेल तर दिवाळी सेलची वाट न बघता वापरून टाकावं.