फ्राकास्तोरोने जंतू शोधले नव्हते

दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरत येते. मजकूर साधारण असा: इटलीतल्या जिरोलामो फ्राकास्तोरो या वैद्य-कवीने जंतूंमुळे रोग होतात हे दाखवणाऱ्या पाश्चरच्या ३०० वर्षं आधी जंतू शोधले, ‘सिफिलिस’ या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगाला ग्रीक पुराणातल्या मेंढपाळाचं नाव दिलं, हा रोग कोलंबसच्या जहाजांतून आल्याचं सिद्ध केलं, त्यावर पाऱ्याचा इलाज शोधला आणि चर्चने त्याला दडपून टाकलं. पाचही विधानांत काही ना काही खोट आहे.

आधी जंतू. संसर्गावरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १५४६ साली व्हेनिसला छापला गेला. त्यात ‘सेमिनारिया’, म्हणजे बीजं, हा शब्द येतो. पोस्टवाल्यांनी ‘बीज’ वाचून ‘बॅक्टेरिया’ समजून घेतलं. फ्राकास्तोरोची बीजं म्हणजे डोळ्यांना न दिसणारे चिकट कण. ते आपल्यासारखेच आणखी कण निर्माण करतात, इथवर ठीक. पण ते जिवंत असतात असं तो म्हणत नाही. उलट शरीरातले दोष सडले किंवा हवा बिघडली की ते नव्यानेही उपजतात, असं तो मानतो. पाश्चरचा झगडा तर ‘आपोआप उपजण्या’च्या कल्पनेशीच होता!

त्याची खरी कमाई दुसरीकडे आहे. रोग पसरण्याच्या तीन वाटा त्याने वेगळ्या केल्या. थेट स्पर्श: घोसातलं एक द्राक्ष नासलं की शेजारचं नासतं, तसा. दुसरी वाट वस्तूंची: कपडे, लाकूड स्वतः न बिघडता बीजं धरून ठेवतात. याला तो ‘फोमेस’ म्हणतो. मूळ अर्थ ठिणगी धरून ठेवणारं जळण. तिसरी अंतरावरून: क्षय, देवी, डोळे येणं. याच ग्रंथात टायफसचं, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाचं, वर्णन आहे. चौथ्या किंवा सातव्या दिवशी हात, पाठ, छातीवर पिसू चावल्यासारखे, कधी मसुरीएवढे लालसर डाग. हे मात्र रोग्याजवळ बसून पाहिलेलं आहे.

आता पारा. मलमात पारा घालून खरजेवर लावणं अरबी वैद्यांपासून चालत आलं होतं. फ्राकास्तोरोने ती कृती १५३०च्या ‘सिफिलिस’ काव्याच्या दुसऱ्या सर्गात हेक्सामीटर या सहा गणांच्या वृत्तात बसवली: डुकराच्या चरबीत पारा घोटायचा, डोकं आणि हृदयाजवळचा भाग सोडून अंगभर चोळायचा, लोकरीत गुंडाळून अंथरुणात घाम काढायचा, असं दहा दिवस. तोंडातून लाळ गळू लागली की औषध लागू पडलं, असं समजत. प्रत्यक्षात ती पाऱ्याच्या विषबाधेची खूण. पुढे हिरड्या सुजतात, दात हलतात. आपल्याकडे १६व्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त याच रोगाला ‘फिरंग’ म्हटलंय आणि तिथेही औषध पाऱ्याचंच. फरक एवढाच की ते कणकेच्या गोळीत भरून, दातांना लागू न देता गिळायला सांगितलंय. तोंड येतं हे त्या वैद्याला ठाऊक होतं.

‘सिफिलस’ हा मेंढपाळ ग्रीक पुराणात शोधू नका, सापडणार नाही. तो कवीने स्वतः रचलाय. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातल्या निओबी राणीच्या सिपिलस या मुलावरून नाव सुचलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मेंढपाळ राहतो तेही ग्रीसमध्ये नाही, अटलांटिकपलीकडच्या बेटावर. दुष्काळात गुरं मेली म्हणून तो सूर्यदेवाची निंदा करतो आणि अंगावर फोड येणारा पहिला माणूस ठरतो.

ही बेटावरची कथा तिसऱ्या सर्गातली, आणि कोलंबसबद्दलचा पोस्टवाल्यांचा घोटाळा तिथूनच होतो. पहिला सर्ग वाचला असता तर तो टळला असता. तिथे कवी स्पष्ट म्हणतो: ज्यांचा कोलंबसच्या खलाशांशी काही संबंध आला नाही, त्यांनाही त्याच सुमारास हा रोग झाला, म्हणजे तो बाहेरून आणलेला नव्हे. कारण काय, तर कर्केत शनी, गुरू आणि मंगळ एकत्र आल्याने बिघडलेली हवा. सिद्ध बिद्ध काही नाही.

चर्चने दडपलं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं: काव्य अर्पण केलंय पिएत्रो बेम्बोला, जो पुढे कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्माधिकारी, झाला. १५४५ला पोप तिसऱ्या पॉलने फ्राकास्तोरोला ट्रेंट इथे भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेचा वैद्य नेमलं. १५४७ला तिथे टायफस आल्याचं त्याने सांगितलं आणि त्या मताच्या आधारे परिषद बोलोन्याला हलवली गेली. १५५३ला तो वारला, दोन वर्षांत सगळे ग्रंथ एकत्र छापले गेले, १५५९ला वेरोनात कमानीवर पुतळा चढला. हातात दगडी गोळा. खालून पहिला सज्जन माणूस गेला की तो त्याच्या डोक्यावर पडेल, असं वेरोनाकर म्हणतात. गोळा अजून जागेवरच आहे.